जवाईबापूनं पाणी नाई देल्लं

गेल्या रविवारपासून दारव्हा तालुक्यातल्या निदान तीन गावांत मला ‘मरत्या माणसाला पाणी न पाजणारा जवाई’ म्हणून ओळखतात. आणि माझा गुन्हा काय, तर मोबाइलमधल्या खेळातल्या एका वांग्याच्या वाफ्याला मी पाणी घातलं नाही.

सासरवाडीला तेरवी होती. बायकोचे मोठे आबाजी, वय ९१, रात्री दूधभात खाऊन झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. असं मरण नशिबानं येतं, त्यामुळे रडारड बेताचीच. अंगणात पंगत बसली होती. वरण, आलूवांग्याची भाजी, बुंदी. समोरच्या ओळीत चुलत सासरे, म्हणजे मामाजी. मामाजींना कमी ऐकू येतं, म्हणून जगालाही कमीच ऐकू येत असणार असं धरून ते बोलतात.

“जवाईबापू!” मामाजी कडाडले. “तीन दिवस झाले मांगून राह्यलो. पाणी नाई देल्लं तुमी!”

वाढणारं पोट्टं पाण्याचा जग घेऊन धावलं. मामाजींनी हातानंच त्याला उडवून लावलं. “आता कायले? वाळून मेलं ना सारं!”

पंगत थांबली. म्हणजे खरंच थांबली, घास हातात राहिले. माझ्या डाव्या हाताला कारंज्याच्या आत्याबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, पण कान शाबूत.

“कोन मेलं म्हनता बिनापान्याचं?”

“कोणी नाही, आत्याबाई. ते मोबाइलमधलं आहे.”

“मोबाइलवर सांगतलं व्हतं? फोन आला तरी नाई आले तुमी?”

“फोन नाही हो, नुसती रिक्वेस्ट आली होती.”

“केस?” आत्याबाईंनी बुंदी खाली ठेवली. “केस बी झाली?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शाळामास्तर. समोरच्याला कळलं नाही की आणखी एक उदाहरण द्यायचं, ही वीस वर्षांची खोड. मी म्हटलं, “तसं नाही, आत्याबाई. त्यात एक वावर असतं. गाय असते, कोंबड्या असतात. त्यांना आपण पाणी द्यायचं असतं.”

“अन् तू ढोरायलेबी पानी नाई पाजलं?”

‘तुमी’चा ‘तू’ झाला तो त्या क्षणी. जवायाला सासरवाडीत ‘तू’ म्हणायला माणसाच्या हातून काय घडावं लागतं, हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको.

तिकडे मामाजींचं आपलं चालूच होतं. “पह्यल्या नंबरचा शेजारी करून ठेवला ना मी यायले! सोताच्या पोराच्या वर!”

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आबाजींच्या फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “म्हनूनच बिचारा बोल्ला नाई काई जाताना.”

आता कबुली देतो. मामाजींच्या फोनमध्ये हा शेतीचा खेळ मीच टाकून दिला होता. दिवाळीत गेलो तेव्हा ते ओसरीवर रिकामे बसून रस्त्यावरची माणसं मोजत होते. गुडघे गेले, दोन्ही पोरं पुण्याला, सात एकर वावर ठोक्यानं दिलेलं. म्हटलं, जीव रमेल. तो इतका रमला की पहाटे चारला ‘कोंबड्यायले दाना टाका’ म्हणून मला घंटी वाजते.

मी तरी कोणत्या तोंडानं बोलू? फेसबुकवर २००९ च्या जून महिन्यात फार्मव्हिल नावाचा असाच शेतीचा खेळ आला आणि वर्षभरात मी यवतमाळच्या सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून स्ट्रॉबेऱ्या काढत होतो. स्ट्रॉबेरी चार तासांत यायची आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जायची. त्यासाठी मी एक साखरपुडा अर्धवट सोडून आलेलो आहे. सुदैवानं माझा नव्हता. २०२० च्या ३१ डिसेंबरला ते फेसबुकवरचं वावर कायमचं बंद झालं, कारण फ्लॅश नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर ते चालायचं ते फ्लॅशच बंद पडलं. मी घरात कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही, एवढाच दिलासा. २०१५ च्या ऑक्टोबरात फेसबुकवाले झुकेरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत आले होते. एवढा देश, एवढी हुशार पोरं, आणि सगळ्यांत जास्त मतं पडलेला प्रश्न कोणता, तर फेसबुकवरच्या कँडी क्रश खेळाची आमंत्रणं कशी थांबवायची! आमच्या आत्याबाई त्या सभेत असत्या तर विचारलं असतं, ‘बोलावनं आलं तं जात कावून नाई?’

फार्मव्हिलमध्ये कापूस तीन दिवसांत यायचा. तीन दिवसांत! आमच्याकडे जूनमध्ये सरकी टोबली की सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी होईस्तोवर दिवाळी येते. मधे गुलाबी बोंडअळी, मधे आठ-आठ दिवसांची झड, आणि सगळ्यातून वाचलेला कापूस गाडीत भरून नेला की व्यापारी त्यात मूठ घालून म्हणतो, ‘ओला आहे.’ २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला सरकारी हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. तो भाव मी पेपरात वाचला. माझ्या भावाच्या हाती त्यातले किती पडले ते इथं लिहीत नाही, तेरवीचा विषय चालू आहे.

आणि शेजारी! खेळात शेजारी येतो, आपण न सांगता खत टाकून जातो. आमचा धुऱ्याचा शेजारी दर पावसाळ्यात नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, इकडे सरकतो. अकरा वर्षं झाली, तहसीलच्या चकरा चालू आहेत. भाऊ रात्री एकला पंपाची थ्री फेज लाइन आली की उठून हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, कारण रानडुकरं. त्याला कोणी रिक्वेस्ट पाठवत नाही. त्यानं मला पाठवलेली नाही, हेही खरं. तो एकटाच जातो आणि मी सकाळी ‘झालं का ओलित?’ एवढं विचारतो.

असो. तेरवीहून घरी आलो. मंगळवारी बायकोला पुसदहून मावशीचा फोन. “काय गं, तुह्या नवऱ्यावर केस झाली म्हंते?” बायकोनं सगळं समजावून सांगितलं. वीस मिनिटं समजावलं. शेवटी मावशी म्हणाली, “जाऊ दे बाई, झालं ते झालं. वकील चांगला पाहा.”

त्या रात्री मी मुकाट्यानं खेळ उघडला. मामाजींच्या वावरात पाण्याच्या बारा बादल्या ओतल्या. तेरावी उचलली तर पाटी आली, ‘आजचे पाणी संपले.’ म्हटलं, इथंही भारनियमन.

पाच मिनिटांत उलट घंटी वाजली. मामाजींचा राग गेला होता. त्यांनी मला भेट पाठवली होती. पडद्यावर एक गुलाबी, गोंडस, गोल डुक्कर उभं होतं आणि खाली दोन बटणं, ‘स्वीकारा’ आणि ‘नंतर’.

बाहेर भावाची फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. एक वाजला होता. मी अजून कोणतंच बटण दाबलेलं नाही.