सालदाराने वखर घरून आणायचा का?

आमच्या देवळी तालुक्यातल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला. थोडक्यात असा: "मालवाहू विमानांचे पायलट लाखांनी पगार घेतात, वर टॅब्लेट, नकाशे, गणवेश यांचे पैसेही कंपनीलाच मागतात. शेतकरी आपली अवजारं स्वतः घेतो, डॉक्टर स्टेथोस्कोप स्वतः घेतो. यांनाच काहून फुकट पाहिजे? विमानात तर नुसती खोकी. टॅक्समध्ये सूट मिळतेच. आणि टॅब्लेट घरी पोरंच वापरतात." खाली अंगठ्यांची रांग.

माझा भाचा मालवाहू विमान चालवतो. गोंदियाजवळ बिरसीला शिकला, त्यासाठी माझ्या बहिणीचं चार एकर वावर गेलं. म्हणजे मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण माझं कृषी केंद्र आहे, आणि अवजारं कोण विकत घेतो, कोणासाठी घेतो, हे रोज काउंटरवर दिसतं.

शेतकरी अवजारं स्वतः घेतो. घेतो ना! वावर त्याचं, पऱ्हाटी त्याची, भाव आला तर पैसाही त्याचाच. पायलटचं मात्र विमान कंपनीचं, माल कंपनीच्या गिऱ्हाइकाचा, भाडं कंपनीच्या खात्यात. त्याची तुलना करायचीच तर सालदाराशी करा. पाडव्याला साल ठरतं तेव्हा पैसे किती, धान्य किती, कपडे-चप्पल कधी, यावर दोन-दोन तास घासाघीस चालते. पण "वखर, डवरा न् बैलजोडी तुह्या घरून आण" म्हणणारा मालक मी अजून पाहिला नाही. म्हटलं असतं तर त्या माणसाला गावात दुसरा सालदार मिळाला नसता.

डॉक्टरचं म्हणाल तर स्टेथोस्कोप तो घेतो, मान्य. सरकारी दवाखान्यातलं एक्स-रे मशीन घेतो का? भाच्याने लाखाच्या घरातला हेडसेट स्वतःच्या पैशाने घेतला. कंपनीचा होता, याला तो कानाला टोचायचा. हौस त्याची, खर्च त्याचा. त्यावर तो कधी एक शब्द बोलला नाही.

टॅब्लेटची गोष्ट वेगळी. पूर्वी पायलट कागदी नकाशांची आणि पुस्तकांची जाड बॅग घेऊन फिरत. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीने २०१३ मध्ये ती बंद केली तेव्हा तिचं वजन ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो सांगितलं होतं. ती सगळी बॅग आता टॅब्लेटमध्ये आली. त्यातले नकाशे दर २८ दिवसांनी बदलतात: कुठे नवा टॉवर उभा राहिला, कुठे धावपट्टीचा तुकडा बंद झाला, कुठे रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलली. कोणतं मॉडेल, कोणतं ॲप, हे कंपनी ठरवते. तशा वापराची मंजुरीही पायलट आणत नाही, कंपनीच आणते. मग बिल तेवढं पायलटच्या नावावर कसं?

याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत एल्री जेप्सन नावाचा टपालविमानाचा पायलट होता. तेव्हा विमानासाठी असे नकाशेच नव्हते. त्याने खिशातल्या वहीत टेकड्यांची उंची, उतरण्याजोगी शेतं आणि वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर लिहून ठेवले. हवा कशी आहे, ते त्या शेतकऱ्यांना विचारायचं! दुसरे पायलट ती वही मागू लागले, तर तो प्रत दहा डॉलरला देऊ लागला, आणि १९३४ मध्ये त्याचा धंदाच झाला. पायलटांनी पदरचे पैसे घातले ते जीव वाचवायला, कारण देणारं कोणी नव्हतं. त्या काळच्या नाइलाजाला आज नियम म्हणायचं?

भाच्याच्या पहिल्या कंपनीत टॅब्लेट आणि नकाशांची वर्गणी, दोन्ही ज्याची त्याने घ्यायची होती. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ ला टेकतो. जमिनीवर उभ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये टॅब्लेट तापून बंद पडायचा. बॅटरी फुगायला लागली तेव्हा शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू होते. "पुढच्या महिन्यात बदलतो मामा," म्हणाला. हा 'पुढचा महिना' मला दुकानातून चांगला ओळखीचा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, हे कीटकनाशक नियमांत १९७१ पासून लिहिलेलं आहे. तरी औषध नेणारे दहा असतात, मास्क-हातमोजे नेणारा एखादा. मालक म्हणतो मजूर घेईल, मजूर म्हणतो पुढल्या फवारणीला पाहू. मीही त्या वर्षापर्यंत औषधासोबत मास्क घ्या असं कोणाला आग्रहाने म्हटलं नव्हतं.

"विमानात नुसती खोकी" हे फक्त आपल्या ग्रुपवरचं डोकं नाही. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पायलटांच्या विश्रांतीचे कडक नियम लागू झाले, त्यातून मालवाहू पायलट वगळले गेले. पण खोकी घेऊन जाणारं विमानही घरांवरूनच उडतं, आणि बहुतेक रात्री. नागपूरकरांना तर हे सांगायला नको. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपालविमानं मध्यरात्री नागपुरात भेटायची, पोती बदलायची आणि उजाडायच्या आत परत फिरायची.

पगार मोठा आहे, खरं. पण कामापायी होणाऱ्या खास खर्चासाठी दिलेली रक्कम पगारात धरायची नाही, हे आपल्या वेतन कायद्यात १९३६ पासून आहे, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आलं. १९३६ च्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, त्यात पायलट बसत नव्हता. पण पगार वेगळा आणि कामाचा खर्च वेगळा, हा हिशेब तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांनाही कळत होता. आणि २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारचे बिघडलेले मोबाइल परत केले, तेव्हा याच ग्रुपवर "बरोबर केलं बाई" असे मेसेज होते. सेविकेचा मोबाइल सरकारने द्यायचा, तर पायलटचा टॅब्लेट त्याने स्वतः घ्यायचा, हे गणित कसं बसवता?

टॅक्सची सूट तर निव्वळ हवेतली आहे. नोकरदाराला सरसकट वजावट मिळते, नव्या पद्धतीत ७५ हजार. ती पायलटला तेवढीच, तहसीलच्या बाबूलाही तेवढीच. टॅब्लेटचं बिल जोडून एक रुपया वाढत नाही. तोच टॅब्लेट कंपनीने घेतला तर तो धंद्याचा खर्च धरला जातो, वर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. म्हणजे एकच वस्तू कंपनीला स्वस्त आणि पायलटला महाग पडते. अमेरिकेतही नोकरदाराला अशा खर्चाची वजावट मिळायची, ती २०१८ पासून बंद आहे.

राहिला घरच्या पोरांचा मुद्दा. भाच्याच्या आताच्या कंपनीने टॅब्लेट दिलाय. तो असा कुलूपबंद, की त्यात नकाशे, हवामान आणि कंपनीची पुस्तकं सोडून काही उघडत नाही. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याच्या आईने कापसाचा भाव पाहून दे म्हटलं, तर बिचाऱ्याने तो बाजूला ठेवून खिशातला मोबाइल काढला.