पाणथळ कोपऱ्याला पेव्हर ब्लॉक हे उत्तर नव्हे

मिरग लागला की बागकामाच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: अंगणात जिथे पाणी साचतं तिथे काही लावू नका, मुळं कुजतात. लावायचंच असेल तर मातीत दोन घमेली वाळू कालवा. नाही तर एक निलगिरी लावा, ती सगळं पाणी पिऊन टाकेल. केळ तेवढी कितीही पाण्यात येते. अळू-कर्दळीच्या नादी लागू नका, डास होतात. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पेव्हर ब्लॉक घालून मोकळे व्हा.

यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, म्हणूनच तो मेसेज इतका पटतो.

मुळं कुजतात, हे खरं. पण ती भिजल्यामुळे नव्हे, हवा न मिळाल्यामुळे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग फायटोफ्थोरासारखे रोग सहज चढतात. गुलाब, शेवगा, लिंबू यांची हीच गत होते. पपई तर त्याहून नाजूक. बुंध्याशी दोनतीन दिवस पाणी तुंबलं की पानं पिवळी पडतात आणि उभं झाड बसतं.

पण सगळ्याच वनस्पतींचं असं झालं असतं तर कोकणात भाताचा दाणा पिकला नसता. घरात अळू आणलंत की एक देठ आडवा कापून उजेडासमोर धरा. आतला गर स्पंजासारखा सच्छिद्र दिसेल. पानाकडून येणारी हवा अशाच पोकळ्यांमधून खाली मुळांपर्यंत उतरते. कमळकाकडीत हीच भोकं इतकी मोठी असतात की वेगळी दाखवावी लागत नाहीत. भात, पाणकणीस, कर्दळ यांच्या अंगातही हीच सोय आहे. चिखलात उभं राहून ही मंडळी वरून श्वास घेतात. तेव्हा ‘काही लावू नका’ हा सल्ला गुलाबवाल्यांसाठी ठीक, अळूवाल्यांसाठी नाही.

खरा प्रश्न मेसेज विचारतच नाही: ही ओल किती महिने टिकते? आपल्याकडे ओलीचे दोन प्रकार. एक बारमाही, म्हणजे न्हाणीच्या पाण्याचा पाट, विहिरीचा कठडा, गळका नळ. दुसरी चार महिन्यांची, म्हणजे जून ते सप्टेंबर तळं आणि मार्चमध्ये त्याच जागी भेगाळलेली काळी माती. नर्सरीवाला ‘हे पाण्यात चालतं’ म्हणून जे देतो, ते बहुतेकदा पहिल्या प्रकारचं असतं. दुसऱ्या प्रकारच्या जागेत ते पावसाळ्यात मरत नाही, उन्हाळ्यात मरतं. आणि दोष मात्र पावसाला जातो.

बारमाही ओलीसाठी माझी पहिली पसंती सोनटक्का. गड्ड्यांनी पसरतो, अर्धी सावली चालते, आणि पावसाळ्यात संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की मागच्या दारी वेगळं अत्तर लागत नाही. त्याच्या जोडीला वेखंड, कर्दळ, जमिनीलगत पसरणारी नीरब्राह्मी, थोडं ऊन असेल तर पुदिना. नर्सरीत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळतं ते पाम नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. पाय पाण्यात असले तरी त्याची तक्रार नसते. एक पथ्य पाळा: साबणाचं आणि भांड्यांचं पाणी जिथे जातं तिथे फुलझाडं लावा, खायचं अळू आणि पुदिना नको.

चार महिन्यांच्या ओलीला मात्र नदी-ओढ्याकाठची झाडं मागा, कारण पूर आणि कोरड दोन्ही त्यांनी पाहिलेलं असतं. जागा मोठी असेल तर ताम्हण. आपलं राज्यफूल, मूळचं ओढ्याकाठचं, आणि उन्हाळ्यात जांभळं होऊन फुलतं ते कुठल्याही गुलमोहराला मागे टाकतं. करंज, अर्जुन, जांभूळ हेही याच गोतावळ्यातले, पण ते पन्नास फुटांचे होतात हे विसरून घराला खेटून लावू नका. लहान जागेत वाळा लावा. त्याची मुळं खोल जातात आणि एकदा जम बसला की तो पाणी आणि कोरड दोन्ही सोसतो. रंग हवाच असेल तर तेरडा आहेच, त्याचा रंग तीन दिवस म्हणतात तो सोडा, पावसाळाभर फुलतो.

जागा कुठली हे ठरवायला फूटभर खोल खड्डा खणा. पाणी ओता, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं तर निचरा नाही. खणताना मातीला सडक्या अंड्याचा वास आला किंवा आत राखाडी-निळसर डाग दिसले, तर हवा तिथे कधीपासूनच पोचत नाही असं समजा.

आता वाळू. चिकण मातीत थोडीशी वाळू कालवली तर चिकण कण तिच्या फटींत जाऊन बसतात आणि तयार होतं ते जवळपास बांधकामाचं मिश्रण. फरक पडावा इतकी वाळू म्हणजे निम्म्याहून जास्त. घमेली नव्हे, डंपर लागेल. त्यापेक्षा कंपोस्ट घाला, आणि गुलाब-मोगरा हवाच असेल तर फूटभर उंच गादीवाफा करा.

निलगिरी पाणी भरपूर ओढते, खरं आहे. म्हणूनच तर भूजलाच्या चिंतेपोटी कर्नाटक सरकारने 2017 मध्ये तिच्या नव्या लागवडीवर बंदी आणली. पण ती फक्त तुमच्या डबक्यातलं पाणी ओढत नाही, आणि ‘आता पुरे’ म्हणून थांबतही नाही. जुलैतला साठा कमी व्हावा म्हणून मे महिन्यातलं विहिरीचं पाणी द्यायचं, हा सौदा कुणाला परवडतो?

केळीबद्दलचा गैरसमज मोरीमुळे झालाय. मोरीच्या पाटावर केळ माजते कारण तिथलं पाणी वाहतं असतं. तिला ओल हवी, तुंबलेलं पाणी नको. साचलेल्या डबक्यात लावलेल्या केळीची मुळं गुलाबासारखीच गुदमरतात, फक्त खोड रसदार असल्यामुळे आपल्याला उशिरा कळतं.

डासांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. डासाच्या अळीला उघडं, साचलेलं पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठदहा दिवस पुरतात. नुसत्या ओल्या मातीत ती जगत नाही. पण केवड्याच्या आणि अळूच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं आणि डेंग्यूचा डास तेवढ्यातही अंडी घालतो. म्हणून बेडरूमच्या खिडकीखाली केवडा नको, आणि अळूच्या बेचक्यांवर आठवड्यातून एकदा पाइपने जोराचा फवारा मारा. मात्र हा मेसेज पाठवणाऱ्याच्या गॅलरीत कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरची टाकी आणि गच्चीवरचा जुना टायर आधी तपासावा. डबकं खरंच उघडं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. जलपर्णी मात्र कितीही सुंदर दिसली तरी आणू नका; पवना आणि पंचगंगेचं तिने काय केलंय ते पुलावरून दिसतं.

राहिले पेव्हर ब्लॉक. सखल जागा बंद केली म्हणून पाऊस कमी पडत नाही. जे पाणी तिथे मुरत होतं ते आता उताराने दुसरीकडे जातं, आणि ती दुसरीकडची जागा म्हणजे बहुतेक वेळा जोत्याची भिंत. दोन पावसाळ्यांत आतल्या खोलीच्या भिंतीला खालून ओल चढते, रंगाचे पोपडे पडतात, आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर त्याच ग्रुपवर मागितला जातो.