मांडीत माया नाही

मंगळवारी एकाच दिवसात मला दोघांनी तपासलं. सकाळी अकराला शाळेतल्या आरोग्य शिबिरात मी लठ्ठ ठरलो, आणि संध्याकाळी सहाला लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात टेलरने मला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. मधल्या सात तासांत मी नववीला दोन तास बहुपदी शिकवली आणि डबा खाल्ला. बाकी काही केलेलं नाही.

शिबिराचं फार सांगण्यासारखं नाही. उंची 168, वजन 77. टेबलामागच्या पोरीने मोबाईलवर वजनाला उंचीच्या वर्गाने भागून बीएमआय काढला आणि "27.3! सर, तुम्ही लठ्ठमध्ये येताय," असं लग्नातल्या आहेरासारखं पुकारलं. तिचं चुकलं नाही, आपल्याकडे 25 च्या पुढे लठ्ठच धरतात. मागे रांगेत पी.टी.चे सर होते. ते हसले. स्वतःची पाळी आली तेव्हा "मैदानावर पोरं सोडून आलोय" म्हणत सटकले.

माझं दुखणं वेगळंच होतं. सात महिन्यांपूर्वी मी व्यायामशाळेत नाव घातलं तेव्हा वजन 76.2 होतं. म्हणजे सात महिने पहाटे पाचला उठून, लोखंड उचलून, मी 800 ग्रॅम कमावले. पण पट्टा दोन भोकं आत गेलाय, शर्ट पोटावर ताणत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात आता श्वास घेऊन मग 'बसा' म्हणावं लागत नाही. हे त्या टेबलावर कोण मोजणार? काटा होता, टेप नव्हता.

उपाशी राहून पाहिलंय मी. तीन वर्षांपूर्वी भात बंद, अर्धी भाकरी, रात्री काकडी. चार महिन्यांत नऊ किलो उतरलो. लोकांनी काय कौतुक केलं! गाल बसले, मान कोंबडीसारखी झाली, सिलिंडर आत घेताना हात थरथरायचे. पण काटा खाली, म्हणून सगळे खूश. मग हुरड्याचे दिवस आले. पुढच्या जत्रेपर्यंत नऊच्या नऊ किलो परत, आणि आलेलं सगळं पोटावर. नुसतं उपाशी राहिलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडीत काढतं. दुष्काळात दावणीची बैलजोडी बाजारात न्यावी तसं. पुढे पाऊस पडतो, पण नांगराला जुंपायला काही नसतं.

म्हणून या वेळी बैलजोडी सांभाळायची ठरवलं. ताट तेवढंच, त्यात डाळ-अंडी-दही जास्त, आणि दर पंधरा दिवसांनी बारवर थोडं वजन वाढवायचं. आमचा कोच बावीस वर्षांचा आहे, मला 'काका' म्हणतो. त्याचं म्हणणं, "काका, मसल झोपेत पण चरबी जाळतंय." मी गणिताचा माणूस, हिशोब केला. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला साधारण 13 कॅलरी खातो, एक किलो चरबी साडेचार. समजा मी दोन किलो स्नायू कमावले, तर झाल्या 26. दीड चमचा साखर! खरं काम उचलताना होतं, आणि जेवणातली साखर रक्तातून ओढून घ्यायला मोठं गिऱ्हाईक तयार होतं, हा फायदा. पण कोचला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही लई विचार करताय, पाय वाकवा."

तर त्या संध्याकाळी मी पँट घेऊन टेलरकडे गेलो. सोळा रस्ते फुटणाऱ्या गोलाईत मला बरोबर हाच बोळ सापडायचा होता. टेलर माझ्या पँटी वीस वर्षं शिवतो. वीस वर्षं त्याने फक्त एकच काम केलं, कंबर वाढवणं. शिवणीच्या आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची, दर दिवाळीला थोडी उसवायची.

"कंबर दोन इंच कमी करा," मी म्हणालो.

त्याने मशीन थांबवली. पायडलवरचा पाय तसाच. चष्मा नाकावर घेतला, पँटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शुगर निघाली का, सर?"

"नाही हो. व्यायाम करायलोय."

"लपवू नका. आमच्या साडूला बी असंच झालं. आधी पँट ढिली झाली, मग चप्पल पायातून निसटायली, कळंना कुठं निसटली ते."

बाकड्यावर धोतरातले एक आजोबा बंडीची वाट बघत बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण हे नीट ऐकू आलं. "किती निघाली?" त्यांनी विचारलं.

"नाही निघाली, आजोबा."

"जेवायच्या आधीची का नंतरची?"

टेलरने टेप काढला. कंबर साडेछत्तीस. हे त्याने दुखवट्याच्या सुरात सांगितलं. मग टेप खाली गेला आणि तो थांबला. परत लावला. "मांडी चोवीस?" वहीची जुनी पानं उलटली. "मागं बावीस हाय." कंबर आत आणि मांडी बाहेर, असं माप त्याने वीस वर्षांत माझ्या नावावर लिहिलेलं नव्हतं. त्याने खडू कानावर ठेवला, खाली बसला आणि भर दुकानात माझ्या मांडीत अंगठा खुपसला. दाबून धरला. मनातल्या मनात आकडे मोजले. सोडला.

"काय बघताय?"

"सूज. आमच्या आईच्या किडन्या गेल्या तवा असंच दाबलं की खड्डा पडायचा." मग जरा नाराजीने, "खड्डा पडंना."

आजोबा काठी टेकत उठले. त्यांनीही दाबून बघितलं. रस्त्यावरचा केळीवाला बघू लागला. "आम्ही रामलिंग मुदगडच्या बिराजदाराची कुस्ती बघितलीय," आजोबा म्हणाले. हरिश्चंद्र बिराजदार म्हणजे 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणणारे आमच्याच निलंगा तालुक्यातले पैलवान. मला वाटलं, आता दोन बरे शब्द येणार. आजोबांनी माझी मांडी चिमटीत धरली, सोडली आणि म्हणाले, "ती मांडी येगळी."

मग विचारलं, "खाता काय?"

इथे मी चूक केली. खरं सांगितलं. "सोयाबीन. रात्री भिजवायचं, सकाळी कुकरला चांगलं शिजवायचं."

दोघंही हसले. "अहो सर, ते गिरणीला जातंय. पेंड कोंबड्या खात्यात!"

हसा. पण मला मात्र हसू येत नाही. आमच्या लातूरच्या आडतीवर सोयाबीनचे ढीग लागतात. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये; आमच्या चुलत्यांनी दिवाळीला त्याच्या खालीच घातलं, 'ओल जास्त आहे' हे ऐकून. त्या एका क्विंटलमध्ये 36 किलोच्या आसपास प्रथिनं. आणि चुलत्यांचाच पोरगा पुण्याहून प्रथिनांच्या भुकटीचा एक किलोचा डबा मागवतो, तीन हजारांच्या पुढे. ती दुधाची असते, मान्य. पण इथे पिकवायचं, तेलासाठी विकायचं, पेंड कोंबडीला, आणि उपवासाला आपण साबुदाणा खायचा. वर पोट सुटलं की भाकरीला दोष. चुलते पोतं पाठीवर घेत होते तोवर त्यांना पोट नव्हतं. आता ट्रॅक्टरवर बसतात, आणि डॉक्टर त्यांना भात कमी करा सांगतात. पोतं उचला असं एकही डॉक्टर म्हणत नाही.

हे सगळं मी तिथे बोललो नाही. मी उभा होतो, कारण टेलरने पँट उलटी करून कात्री हातात घेतली होती.

"सर, अडचण हाय. कंबरंत माया लई हाय. मांडीत माया नाई."

"मग?"

"कंबरंतली काढून मांडीत घालतो. कळी."

"रंग जुळेल?"

"एकच कापड हाय की," तो दुखावून म्हणाला.

शुक्रवारी पँट आणली. कापड एकच आहे. फक्त बाहेरचं सहा वर्षं उन्हात आणि साबणात उडालंय, आणि आतली माया दुकानातून आणली त्या दिवसाइतकी निळी. दोन्ही मांड्यांच्या आतून दोन गडद पाचरी. फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो तर दिसतात, वर्गाकडे केलं तरी दिसतात. नववी 'ब' ने अजून नाव ठेवलेलं नाही, पण ठेवतील.

पैसे 180 घेतले. मी म्हणालो, कापड तर माझंच. म्हणाला, "सर, दोन कामं झाली. कमी करायचे येगळे, वाढवायचे येगळे."

घरी बायकोने पिशवीतून पँट काढली. खिशाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती, टेलरच्या अक्षरात, गिऱ्हाईक ओळखू यावं म्हणून: 'आजारी सर'.

तिने ती वाचली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही माझ्यापासून काही लपवायलात का?"