सबसिडी माझी, पगार तिच्या घरचा

चार दिवस लिहू की नको करत होते, पण काल रात्री ग्रुपवर परत तेच सुरू झालं, "डेमोक्रॅट्सनी सरकार बंद पाडलं", "नाही हो, रिपब्लिकननी लोकांचा इन्शुरन्स काढला", आणि एकाने २०२५ च्या ऑक्टोबरमधलंच फॉरवर्ड धूळ झटकून पुन्हा टाकलं. मग म्हटलं लिहूनच टाकावं. मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. नॉर्दर्न व्हर्जिनियात सव्वीस वर्षं झाली. घरातूनच लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. नवरा आयटीत होता, दोन वर्षांपूर्वी ले-ऑफ झाला, आता मिळेल तसं कन्सल्टिंग करतो. तो साठ, मी अठ्ठावन्न, मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी इन्शुरन्स पासष्टला. तोवर मधली वर्षं आमच्यासारख्यांनी काढायची कशी, तर मार्केटप्लेस या सरकारी साइटवरून खाजगी पॉलिसी घेऊन, म्हणजे ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात ते, त्यातला काही हप्ता सरकार भरतं, ती सबसिडी. वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपणार होती, ती पुढे चालू ठेवा नाहीतर सरकारी खर्चाच्या बिलाला मत नाही असं डेमोक्रॅट्स म्हणाले, आणि बिल अडलं म्हणून १ ऑक्टोबरपासून सरकारी ऑफिसं आणि पगार बंद, म्हणजेच शटडाऊन. तेव्हा ज्या सबसिडीवरून त्रेचाळीस दिवस सरकार बंद होतं ना, ती माझी सबसिडी. आणि ज्यांचा पगार अडकला ते माझे शेजारी. आमच्या भागात दर दोन-तीन घरांत एक फेडरल नोकरीवाला नाहीतर काँट्रॅक्टर असतोच.

दिवाळीतली गोष्ट सांगते. लक्ष्मीपूजनाला शटडाऊनचा विसावा दिवस होता. माझी एक मैत्रीण आहे (नाव नको), दरवर्षी तिच्याकडून अनारशांचा डबा येतो, यंदा नुसता चिवडा आला आणि तोही झिपलॉकमध्ये. तिचा नवरा एका फेडरल ऑफिसमध्ये काँट्रॅक्टर. इथे एक फरक बाहेरच्यांना माहीत नसतो, जे थेट सरकारी कर्मचारी आहेत त्यांना बंद संपल्यावर मागचा पगार मिळतो, २०१९ मध्ये तसा कायदाच झालाय (यंदा व्हाइट हाऊसने त्यातही खोट काढून बघितली, तो भाग सोडा), पण काँट्रॅक्टरला काही नाही. गेला तो गेला. तर ती आमच्या किचनमध्ये उभी राहून, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "तू मला एवढंच सांग, तुझ्या सबसिडीसाठी माझ्या घरचा पगार का?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "चहा टाकते." काय बोलणार.

आईला सांगलीला फोन केला की ती विचारायची, "सरकार बंद म्हणजे पडलं का गं?" तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. आपल्याकडे बजेट नामंजूर झालं तर सरकार जातं, आणि उशीर होणार असेल तर लेखानुदान घेऊन गाडी चालू ठेवतात. इथे उलटं आहे, सरकार जागच्या जागी, फक्त काम करणाऱ्यांचे पैसे बंद. आणि हे काही राज्यघटनेत लिहिलेलं नाही बरं का. १९८० पर्यंत पैशाचं बिल लांबलं तरी ऑफिसं बहुतेक चालूच राहायची, मग कार्टरच्या ॲटर्नी जनरलने, बेंजामिन सिव्हिलेटी नाव त्याचं, जुन्या कायद्याचा अर्थ लावला की मंजुरी नाही तर काम पण नाही. झालं, तेव्हापासून दोन्ही पक्षांच्या हातात हे खेळणं आलं. आई म्हणाली, "म्हणजे भांडण सासू-सुनेचं आणि उपाशी मोलकरीण." माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं तिने.

आता दोष कुणाचा. मी मत कुणाला देते ते लपवत नाही, नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरसाठी डेमोक्रॅट स्पॅनबर्गरला दिलं, त्यामुळे मला कुणी तटस्थ वगैरे समजू नका. पण २०१३ आठवतंय का? १ ऑक्टोबरच होता तेव्हाही, सोळा दिवस बंद. तेव्हा रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ आणि मंडळी म्हणत होती ओबामाकेअरचे पैसे काढा नाहीतर बिल पास नाही, आणि डेमोक्रॅट म्हणत होते आधी सरकार उघडा मग बोलू, असं वेठीला धरणं चालणार नाही. यंदा शब्दाला शब्द तेच, फक्त नटांनी पगड्या बदलल्या. ट्रम्प २०१३ मध्ये टीव्हीवर सांगत होते की असं झालं की दोष शेवटी राष्ट्राध्यक्षाकडेच जातो. २०१८ मध्ये भिंतीच्या पैशांवरून तर डेमोक्रॅट नेते शूमर-पेलोसींसमोर कॅमेऱ्यावर म्हणाले, बंद करायचा मला अभिमान वाटेल. आणि यंदा? सरकारी वेबसाइट उघडली की वर पट्टी, हे सगळं कट्टर डाव्या डेमोक्रॅट्समुळे. शिक्षण खात्यातल्या लोकांच्या सुट्टीवरच्या ऑटो-रिप्लायमध्ये त्यांना न विचारता डेमोक्रॅट्सना दोष देणारा मजकूर घुसवला, कोर्टाला सांगावं लागलं की हे बेकायदा आहे. म्हणजे पगार नाही ते नाहीच, वर तुमच्या नावाने प्रचार पण आम्हीच करणार. कमाल आहे.

सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, तेव्हा शंभरांत रिपब्लिकन ५३, बिल पुढे न्यायला लागतात ६०. हाऊसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, सप्टेंबरमध्येच तात्पुरतं खर्चाचं बिल पास करून टाकलं होतं आणि मग स्पीकर जॉन्सन यांनी हाऊसला जी सुट्टी दिली ती थेट १२ नोव्हेंबरपर्यंत. सिनेटमध्ये तेच बिल चौदा वेळा पडलं. चौदा. पालथ्या घड्यावर पाणी. एक म्हणे डेमोक्रॅट मत देत नाहीत म्हणून बंद, दुसरा म्हणे तिन्ही चाव्या (व्हाइट हाऊस, सिनेट, हाऊस) तुमच्याकडे आणि दार आम्ही कसं लावलं? दोघांचंही शब्दशः खरं आहे आणि म्हणूनच हे भांडण कधी संपत नाही.

पण खरं घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच, आणि हे मी पार्टीवाली म्हणून नाही, फॉर्म भरणारी बाई म्हणून सांगतेय. ३१ डिसेंबर २०२५ या एकाच तारखेला दोन गोष्टी संपणार होत्या. एक, ट्रम्पच्या पहिल्या टर्ममधले, २०१७ चे टॅक्स कट, म्हणजे तुमच्या-माझ्या पर्सनल रिटर्नवाले. दोन, २०२१ मध्ये कोव्हिडच्या वेळी वाढवलेली ही इन्शुरन्सची सबसिडी. दोन्ही तात्पुरत्याच होत्या. त्यातली पहिली जुलैमध्ये कायमची केली, त्या मोठ्या बिलात, सिनेटमध्ये ५१-५०, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं शेवटचं मत. ६० लागले नाहीत, कारण बजेटच्या वाटेने नेलं, तिथे साधं बहुमत पुरतं. शटडाऊन नाही, कुणाचा पगार अडकला नाही. दुसरीला त्याच बिलात जागा नव्हती. आणि हिशेब कसा मांडला बघा, टॅक्स कट आधीपासून चालूच आहेत म्हणून पुढे चालू ठेवायचा खर्च शून्य धरला. सबसिडी पण आधीपासून चालूच होती की! पण ती चालू ठेवायची तर दहा वर्षांत ३५० अब्ज डॉलर, कुठून आणायचे, देश बुडेल. त्या शून्यवाल्या बिलाने तुटीत भर किती, तर इथल्या संसदेच्याच बजेट ऑफिसच्या हिशेबाने ३.४ ट्रिलियन, म्हणजे जवळपास दहापट. एखाद्या क्लायंटने मला असा हिशेब आणून दिला असता तर मी फाइल परत केली असती.

आता दुसऱ्या बाजूला पण सांगते. ही ३१ डिसेंबरची तारीख घातली कुणी? डेमोक्रॅट्सनीच. २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी, मग २०२२ मध्ये आणखी तीन वर्षं, तेव्हाही सिनेटमध्ये ५१-५०, तेव्हा शेवटचं मत कमला हॅरिस यांचं. कायमची का नाही केली? खर्चाचा आकडा छोटा दिसावा म्हणून. पुढचं पुढे बघू. आपल्याकडे लग्नात उधारीवर हॉल घेतात तसं, तेव्हा सगळे जेवले आणि बिल आलं २०२५ मध्ये, तेव्हा हातात ना व्हाइट हाऊस ना सिनेट.

आणि उत्पन्नाची एक रेघ ओलांडली की सबसिडी एकदम गायब, ती दरी, ज्याला इथे "क्लिफ" म्हणतात, ती तर ओबामाकेअरच्या मूळ २०१० च्या कायद्यातच आहे. माझ्या किचन टेबलवर काय झालं ते सांगते. नोव्हेंबरमध्ये लॅपटॉप उघडून दोघं बसलो. २०२६ च्या वर्षभराच्या इन्कमच्या चौकोनात मी ८४,००० डॉलर टाकलं, आमचा दोघांचा हप्ता आला महिन्याला सातशेच्या आतबाहेर. खोडून ८५,००० टाकलं. १,७९०. नवऱ्याला वाटलं साइट बिघडली. परत ८४, परत ८५. बिघडली नव्हती, दोघांच्या कुटुंबाला २०२६ साठी ८४,६०० ही रेघ होती, तिच्या एक डॉलर पलीकडे गेलात की सबसिडी शून्य. म्हणजे हजार डॉलर जास्त कमावले की तेरा हजार खिशातून जातात. २०२१ ते २०२५ ही रेघ पुसलेली होती, उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर हप्ता जायचा नाही. २०२५ मध्ये आम्ही ९२,००० वर होतो आणि साडेसहाशे भरत होतो. आता नवरा म्हणतोय एक क्लायंट सोडून देऊ का. साठीचा माणूस कमी कमवायचं प्लॅनिंग करतोय! मी दिवसभर लोकांना हेच सांगतेय, आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात टाका, रेघेच्या आत बसा, आणि अंदाज चुकवू नका, कारण जुलैच्या कायद्याने २०२६ पासून जादा घेतलेली सबसिडी पूर्ण परत करायची आहे, आधी कमी उत्पन्नवाल्यांना त्यात मर्यादा होती तीही काढली.

आता ते फॉरवर्ड. "बेकायदा आलेल्यांना फुकट इन्शुरन्स द्यायला सरकार बंद केलं." अहो, कागदपत्रं नसलेल्यांना ही सबसिडी २०१० पासून कधीच नव्हती. जुलैच्या कायद्याने काढली ती कायदेशीर लोकांची. आपल्यातल्यांनी जरा नीट वाचा. आई-वडिलांना ग्रीन कार्डवर आणलंत, पाच वर्षं मेडिकेअर नाही, मेडिकेड (गरिबांचा सरकारी इन्शुरन्स) नाही, म्हणून त्यांच्या नावावर मार्केटप्लेसची पॉलिसी घेतलीत, त्यांचं उत्पन्न नगण्य म्हणून सबसिडी भरपूर मिळायची, बरोबर? दोघांचं मिळून वर्षाला २१,१५० डॉलरच्या खाली असेल तर १ जानेवारी २०२६ पासून ती बंद. आणि २०२७ पासून एच-वन-बीवाल्यांनाही ही सबसिडी नाही. आपल्या ग्रुपमधल्या दोन घरांत हे होणार आहे, माझ्याकडे फाइली आहेत, नावं विचारू नका. त्यातल्या एकाने ते फॉरवर्ड हसण्याच्या इमोजीसकट पुढे पाठवलंय.

बंद कसा संपला ते माहितीच आहे. एक नोव्हेंबरला फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना धान्यासाठी मिळणारी सरकारी मदत, थांबले, त्यावर जवळपास सव्वाचार कोटी लोक जेवतात. मग विमानं कमी केली, चाळीस एअरपोर्टवर, कारण विमानांना वाट दाखवणारे कंट्रोलर बिनपगारी. विमानं लेट झाली की वॉशिंग्टनला लोकांचं दुःख बरोबर कळतं. मग डेमोक्रॅट बाजूचे आठ जण फुटले आणि एक रिपब्लिकन विरोधात जाऊनही बरोबर ६० झाले. त्या आठात आमच्या व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन. आमचे दुसरे सिनेटर वॉर्नर यांनी नाही म्हटलं, केन यांनी हो. ट्रम्प सरकारने ऑक्टोबरमध्ये काढलेल्या ले-ऑफच्या नोटिसा केननी रद्द करून घेतल्या, हे मान्य. पण सबसिडीचं काय, तर डिसेंबरमध्ये मत घेऊ असं आश्वासन. मत, कायदा नव्हे. त्या रात्री मी केनवर इतकी चिडले होते की ऑफिसला फोन लावणार होते, तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला, "सोमवारपासून बोलावलंय ह्यांना!!" आणि सोबत नाचणारी बाई. मी फोन ठेवला.

११ डिसेंबरला ते मत झालं. ५१ बाजूने, ४८ विरुद्ध, चार रिपब्लिकन पण हो म्हणाले, ६० नाहीत म्हणून पडलं. त्याच दिवशी रिपब्लिकनांचा पर्याय पण पडला, त्यात सबसिडीऐवजी हेल्थ सेव्हिंग अकाउंटमध्ये पैसे, पन्नाशी ओलांडलेल्यांना माणशी वर्षाला १,५०० डॉलर. आमच्या दोघांचे मिळून दोन महिन्यांचा हप्ता पण होत नाही त्यात, आणि हप्त्याला ते वापरायचेही नाहीत.

मैत्रिणीला आता उत्तर द्यायचं झालं तर काय देऊ? तुझा पगार माझ्या सबसिडीसाठी अडकला नाही, तो अडकला कारण जुलैमध्ये ज्यांच्या हातात होतं त्यांनी माझं नाव यादीतून गाळलं आणि २०२२ मध्ये ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते पेन्सिलीने लिहिलं होतं. जास्त दोष मी जुलैवाल्यांना देते, सत्ता तिन्हीकडे त्यांची होती. पण तुझे त्रेचाळीस दिवस आमच्या बाजूने वापरले गेले हे खरं आहे, आणि बदल्यात काही मिळालं नाही हेही खरं आहे, आणि ते पैसे तुला कुणी परत करणार नाही. हे तिला तोंडावर सांगायचं धाडस अजून झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय, ती वाचेलच.

आम्ही शेवटी ब्रॉन्झ प्लॅन घेतला, हप्ता जरा कमी आणि डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने पैसे देण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम, डोंगराएवढं. नवऱ्याचा गुडघा गणपतीपासून दुखतोय, "बघू, बघू" चाललं होतं. यंदाचं डिडक्टिबल भरून झालंय म्हणून मी आज बसून सात ठिकाणी फोन केले. एमआरआयला २९ तारीख मिळालीये, सकाळी पावणेसातची.