शिडीवरचे काका

आज मंगळवार. कळसूबाई रविवारी झाली, पण सोसायटीचा जिना मी अजून पाठमोरा उतरतोय. काल वॉचमनने बायकोलाही बघायला आणलं. पोटऱ्यांचं काही नाही हो, त्या दुखायच्याच. मला दुखतोय तो ‘काका’ हा शब्द.

घोटी, बारी, चढण, धाप हे सगळं ठरल्यासारखं झालं. ‘दोन तासांत वर’ म्हणणारा मित्र दोन तासांत वर पोचलाही होता. मी तिसऱ्या तासात लोखंडी शिडीवर अडकलेलो. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर, म्हणजे नाशिकच्या रविवार कारंज्यावर बैलपोळा निघावा तसं. माझ्या मागे एक गृहस्थ. डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस, एका हातात कठडा, दुसऱ्यात व्हिडिओ कॉल.

“आई, ही बघा शिडी. आणि हे काका. यांच्यामुळे लाइन थांबलीय.”

मी ३९ वर्षांचा आहे. वळून तसं सांगणार होतो, पण वळायलाही दम लागतो.

“घाम केवढा आलाय त्यांना!” फोनमधून सासूबाई. “शुगर आहे का विचारा.”

“काका, शुगर?”

“नाही.”

“नाही म्हणतायत.”

“आमचे हेही आधी नाहीच म्हणायचे.”

मग ‘हे’ स्वतः स्क्रीनवर आले, बनियनमध्ये. चष्मा चढवून त्यांनी मला नीट पाहिलं. “तोंड मिटा. नाकाने श्वास घ्या,” म्हणाले. सोफ्यावरून! तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली. मी पहाटे चारला रिकाम्या पोटी निघालेला माणूस. त्या पोह्यांवरची कोथिंबीर दिसली आणि मला खरोखर भरून आलं.

एवढं करून शिखर आमचं नाहीच. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, आम्ही नाशिककर पाहुण्यांना ‘आपली कळसूबाई’ म्हणून सांगतो, आणि बारी गाव अकोले तालुक्यात, म्हणजे नगरकडे. आता अहिल्यानगर. आपल्या हक्काचा साल्हेर आहे की बागलाणात, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. फक्त ७९ मीटर जास्तीच्या हावेपायी परजिल्ह्यात जाऊन काका म्हणवून घ्यायचं.

या शिड्याच नसत्या तर निम्मी गर्दी आली नसती, असं मनात आलं. मग लक्षात आलं, त्या निम्म्यात मी होतो. पण शिडीखालच्या कपारीत वेफर्सची पाकिटं आणि बाटल्यांचा खच पडलाय, तो या गर्दीचाच. तो मात्र कुणी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवत नाही.

शेवटी देवळाशी टेकलो. “पोचले! काका पोचले!” फोनमधून टाळ्या. मीही वेड्यासारखा हात हलवला.

“जावईबापू,” टाळ्या थांबल्यावर सासूबाई म्हणाल्या, “पण यांना खाली कोण नेणार?”

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मित्रांकडे पाहिलं. मित्र भंडारदऱ्याचं पाणी बघण्यात एकाएकी गढून गेले होते.