जेरीकाका, सही वेळेवर करायची असते

28 ऑगस्ट 2025 च्या दुपारी आमच्याकडे दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाची तयारी चालली होती. गॅरेजच्या दारात निळ्या टबात पाणी भरून ठेवलेलं, बायको निर्माल्य वेगळं करतेय, आरतीला अजून दोन घरची माणसं यायची होती. तेवढ्यात टेक्सासच्या फ्रिस्कोहून साडूभाऊंचा फोन.

"गेला हो," एवढंच म्हणाले. आवाज असा की माझ्या पोटात गोळाच आला.

"कोण गेला?"

"मायका पार्सन्स. ग्रीन बेला देऊन टाकला."

आमचे साडू अमेरिकन फुटबॉलमधल्या डॅलस काउबॉइजचे, म्हणजे मालक जेरी जोन्स ऊर्फ जेरीकाकांच्या संघाचे कट्टर. घरापासून गाडीने दहा मिनिटांवर त्यांच्या संघाचं सरावाचं मैदान. मी इकडे एक्स्टनला, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, त्यामुळे इथल्या ईगल्स संघाचा. लग्नात सुरू झालेली ही भांडणं आता दोघांच्याही पोरांपर्यंत पोचली आहेत.

गुरुवारी, 4 सप्टेंबरला रात्री 8:20 ला 2025 च्या सीझनचा पहिलाच सामना ह्या दोन संघांचा होता, तोही आमच्या मैदानावर. आणि त्याच्या बरोब्बर आठवडाभर आधी डॅलसने आपला सगळ्यात भारी बचावपटू विकला. चार सीझनमध्ये 52.5 सॅक, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला (हल्ला चालवणाऱ्या, बॉल फेकणाऱ्या खेळाडूला) बॉल टाकण्याआधीच आडवा करणारा गडी. बदल्यात मिळालं काय? 2026 आणि 2027 च्या ड्राफ्टमधला (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या फेरीचा एकेक हक्क, आणि केनी क्लार्क. क्लार्क चांगला आहे, मधल्या फळीत भिंतीसारखा उभा राहतो, आणि डॅलसला तिथे भिंत हवीच होती. पण म्हणून घराचं छप्पर विकून भिंत बांधायची?

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण मला आठवला 2021 चा ड्राफ्ट. दहावा नंबर डॅलसचा, बारावा आमचा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या ह्या दोघांनी चक्क अदलाबदल केली. आम्ही वर सरकून बॉल झेलणारा डेव्हॉन्टा स्मिथ घेतला, त्यांनी बाराव्या नंबरावर पार्सन्स. सौदा दोघांनाही फळला. आता पुढची गंमत बघा. स्मिथचा नवा करार एप्रिल 2024 मध्येच झाला: तीन वर्षं, साडेसात कोटी डॉलर. पाठोपाठ त्याच महिन्यात आमच्या दुसऱ्या झेलणाऱ्याचा, ए. जे. ब्राउनचा. डॅलसने मात्र आपल्या झेलणाऱ्या सीडी लॅमला अख्खा ट्रेनिंग कॅम्प घरी बसू दिलं. मधल्या काळात, जूनमध्ये, मिनेसोटाने त्यांच्या झेलणाऱ्या जस्टिन जेफरसनला वर्षाला साडेतीन कोटी देऊन बाजारभाव वाढवला. मग ऑगस्टच्या शेवटी लॅमला 13 कोटी 60 लाख मोजले. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटची सही तर पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी.

पार्सन्सचं पुन्हा तेच. मार्च 2025 मध्ये जेरी जोन्स एजंटला बाजूला ठेवून थेट पोराशीच बोलले आणि ठरलं म्हणून मोकळे झाले. त्याच मार्चमध्ये पार्सन्ससारखंच काम करणाऱ्या क्लीव्हलँडच्या गॅरेटचा भाव वर्षाला चार कोटींवर गेला, जुलैमध्ये पिट्सबर्गच्या वॉटचा त्याहून वर. 1 ऑगस्टला पार्सन्सने जाहीरपणे 'मला सोडा' म्हटलं. शेवटच्या सराव सामन्यात तो मैदानाकडेच्या टेबलावर डोळे मिटून आडवा पडलेला सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. आता ग्रीन बे त्याला चार वर्षांचे 18 कोटी 80 लाख देतंय. ह्या लीगमध्ये पगाराची मर्यादा सगळ्या संघांना सारखीच, 2025 ला 27 कोटी 92 लाख. त्यामुळे श्रीमंत मालक असून उपयोग नाही, मंडईत सकाळी लवकर जाणारा माणूस लागतो. आमचा जनरल मॅनेजर हाउवी रोझमन तसा आहे. जेरीकाका मालकही तेच, जनरल मॅनेजरही तेच. 1989 पासून त्यांना घरात विचारणारं कोण?

नोव्हेंबर 2024 मधली गोष्ट आठवा. त्यांच्याच स्टेडियममध्ये पश्चिमेच्या काचांतून ऊन आलं आणि एंड झोनमध्ये (जिथे झेलला की गुण मिळतात त्या पट्ट्यात) लॅमला बॉलच दिसला नाही. लोक म्हणाले पडदे लावा. काकांनी साफ नकार दिला. सामना 34-6 ने आम्ही घेतला, डिसेंबरचा 41-7 ने.

बरं, आमचं सगळं आलबेल आहे असंही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीला 40-22 धुतलं ते बचावफळीच्या जोरावर, आणि त्यातले जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स, स्ले, गार्डनर-जॉन्सन सगळे गेले. ब्रँडन ग्रॅहम निवृत्त झाला. हल्ल्याची आखणी करणारा केलन मूर न्यू ऑर्लिन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला, त्याच्या जागी घरचाच केव्हिन पटुलो. चार वर्षांत चौथा माणूस! बॉल घेऊन धावणारा आमचा सेक्वॉन बार्कली 2024 मध्ये 2,005 यार्ड धावला. 2,000 चा पल्ला सलग दोनदा आजवर कुणालाच जमलेला नाही. क्वार्टरबॅकला मागून ढकलण्याची आमची ती युक्ती (विरार लोकलमध्ये चढलेल्यांना समजवायची गरज नाही) बंदीतून वाचली, पण थोडक्यात: बंदीला संघांची 24 मतं लागत होती, विरोधकांना 22 पडली.

डॅलसचं मी एक कबूल करतो. पिट्सबर्गकडून जॉर्ज पिकन्स आणला हा सौदा झकास. लॅम आणि पिकन्स दोघांना एकाच वेळी कोण अडवणार? प्रेस्कॉट ऑपरेशननंतर धड असला तर 30 गुण करतील. प्रश्न असा की 31 देतील. झॅक मार्टिन निवृत्त, लॉरेन्स सिएटलला, आता पार्सन्स. नवे प्रशिक्षक शॉटनहायमर मुख्य म्हणून पहिल्यांदाच उभे राहतायत, तेही असा डिफेन्स घेऊन. माझ्या मते आठ विजय, फार तर नऊ. आमचे अकरा. आमच्या गटात (डॅलसही त्यातच) 2004 नंतर 2024 पर्यंत कुणी लागोपाठ दोनदा पहिलं आलेलं नव्हतं, ते ह्या सीझनला होईल असा माझा अंदाज. मला भीती डॅलसची नाही, वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सची आहे.

विसर्जन आटोपल्यावर मी साडूंना परत फोन लावला. भाच्याला वाढदिवसाला घेतलेली पार्सन्सची 11 नंबरची जर्सी, तिचं काय करायचं हा घरात प्रश्न पडला होता. पोरगं ती काढायलाच तयार नव्हतं.

म्हटलं, "ब्राउनचाही नंबर 11 च आहे की. हिरवी पाठवून देतो, साइज सांगा."

फोन कट झाला.