नव्या मालगुजाराच्या उद्यानात सहलीला जाताना

सातबंधारा राष्ट्रीय उद्यान पाहण्याची इच्छा असेल, तर ते नकाशात शोधण्याचा हट्ट प्रथम सोडावा. उद्यान काल्पनिक आहे, पण त्याच्या गेटवरचा बंदोबस्त खऱ्या उद्यानांनी हेवा करावा इतका चोख आहे.

गोंड राजवटीत कोहळी समाजाने धानासाठी भंडारा-गोंदियाकडे जसे तलाव बांधले, तसाच या उद्यानातला तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा महसूल वसूल करणारी जमीनदारी, गेली आणि असे तलाव सरकारजमा झाले, ही माहिती आपल्याला असली तरी ती येथे बोलून दाखवू नये. या तलावाला नवा मालगुजार मिळाला आहे. त्यांना सारा परिसर 'भाऊ' म्हणतो. आपणही तेच म्हणावे.

गेटवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसलेला तरुण आपल्याला गुलाबी पावती देईल. तिच्यावर रक्कम असते, कशाची ते नसते. "पुढं घ्या जी गाडी," असे तो अदबीने म्हणेल. त्या अदबीचे पैसे रकमेत धरलेले आहेत. शेजारीच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चा फलक आहे. राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास किमान तीन वर्षे कैद, हा मजकूर वाचायचा असल्यास त्यावर वाळत घातलेले जाळे सरकवण्याची परवानगी त्याच तरुणाकडे मागावी.

रात्री टिप्परची रांग दिसली, तर आत रेती आहे, साग आहे की आणखी काही, याची चौकशी करू नये. लठ्ठ्यांवर लाकूड कायदेशीर असल्याचा हातोड्याचा ठसा असतो, वाहतूक परवानाही असतो. हातोडा वनखात्याचाच आहे, फक्त तो मुक्कामाला भाऊंकडे असतो. पायवाटेलगत गुडघ्याएवढ्या उंचीवर तार दिसल्यास मागे फिरावे. अकरा केव्हीच्या वाहिनीवर आकडा टाकून ती रानडुकरासाठी लावली आहे, असे सांगतात. आपण डुक्कर नाही, हे वाघाला त्या तारेस पटवून देता आलेले नाही, आपल्यालाही वेळ मिळणार नाही.

येथे कायदा उरलेला नाही, असा गैरसमज करून घेऊन मात्र परतू नये. सरपणाची मोळी किंवा टोपलीभर मोहफुले घेऊन निघालेल्या बाईला आजही अडवले जाते, रीतसर पंचनामा होतो, तिचा विळा जप्त होतो आणि पंच म्हणून गेटवरचाच तरुण सही करतो.

एवढे पाहूनही तक्रार करायचीच असेल, तर अर्ज सुवाच्य अक्षरांत आणि पूर्ण पत्त्यासह लिहावा. पोच मागत थांबू नये. ती घरी आणून देतात.